पाच, तीन आणि देवणीचा बैल

उदगीरच्या कॉलेजात, तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर अंबिका आणि तिचे वडील बसले होते.

“अप्पा, मागच्या खेपेला हितंच नापास झाले. पाच अँड तीन किती विचारलं, मी आठ म्हणले.”

“आठच की.”

“बेरीज न्हाई ओ ती. कॉम्प्युटर पाचाला एक-शून्य-एक लिहितो, तिनाला शून्य-एक-एक. एक म्हणजे हो, शून्य म्हणजे न्हाई. घराखालचं घर बघायचं, दोन्हीकडं हो असलं तरच अँडमधी एक.”

“परवा देवणीच्या बाजारात तुझ्या काकाचं अन् माझं असंच झालं. मला बैलाची शिंगं अन् खूर पसंत, वशिंड न्हाई. त्याला वशिंड अन् खूर पसंत, शिंगं न्हाई.”

“थांबा, थांबा! शिंगं, वशिंड, खूर अशी घरं धरली तर तुम्ही पाच अन् काका तीन. दोघांचं हो फक्त खुराला. शून्य-शून्य-एक. अँडचं उत्तर एक!”

“अन् भांडलो ते?”

“शिंगं अन् वशिंड, एकाचं हो तर दुसऱ्याचं न्हाई. एक-एक-शून्य. घरांची किंमत चार, दोन, एक. म्हणजे चार अन् दोन, सहा. त्याला एक्सॉर म्हणतेत!”

“घ्या! पोरगी आमच्या भांडणाचाबी हिशोब करायली.”

आतून अंबिकाचं नाव पुकारलं.

“जा. सरांपुढं बैलाचं नाव काढू नको बग.”

“काढणार, अप्पा. त्याच्याबिगर उत्तरच येत न्हाई मला.”