पेटीवरची ओळ आणि एक हिरवा ठिपका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय संचालकसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या सत्कारमूर्ती निरीक्षकबाई, ग्राहक संरक्षण कचेरीतला समस्त कर्मचारीवर्ग, आणि समोर बसलेले माझे व्यापारी बंधू! बंधूंनो, तुम्ही बाईंना निरोप द्यायला आलात, की बाई खरंच निवृत्त होतायत ना याची खात्री करायला, हे मी चारचौघांत विचारणार नाही.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पण साहेब, आनंद आज पोटात मावत नाहीये, तेव्हा सहावं मिनिट लागलं तर रागावू नका. सकाळी मुद्दाम बाजारात चक्कर मारून आलो. सात दुकानं पाहिली. सातही दुकानांत पेटीच्या दर्शनी बाजूला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं: ‘या कॉम्प्युटरमधील हार्ड डिस्क पूर्वी वापरलेली व दुरुस्त केलेली आहे.’ सातही, बरं का! एका दुकानदाराने तर मी न विचारताच ते वाचून दाखवलं. चार वर्षांपूर्वी असं होईल म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं.

कारण चार वर्षांपूर्वी ही ओळ छापायचा नियम हाणून पाडायला निघालेला शहाणा कोण होता? मीच. विक्रेता संघाचा सचिव. बंद पडलेल्या यंत्रांतले भाग काढायचे, दुरुस्त करायचे आणि दुकानदारांना पुरवायचे, हा माझा धंदा. बाईंनी नियमाचा मसुदा आणला तसं आम्ही त्यांना ‘लेबलबाई’ म्हणायला लागलो. हसू नका बाई, तुम्हाला ते माहीत होतं. सुनावणीसाठी मी जोरदार भाषण घोकलं होतं. ‘यंत्र चालतंय ना? मग आत काय आहे याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय?’

बाईंनी त्या दिवशी भाषणबिषण केलंच नाही. टेबलावर एक कॉम्प्युटर ठेवला आणि तक्रार वाचली. तक्रारदार बाई भाषांतरकार. कॉम्प्युटर नवा म्हणून घेतलेला. चौथ्या महिन्यात डिस्क बंद पडली आणि दोन वर्षांचं भाषांतर गेलं. मग पदराला खार लावून आणलेला स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर काढून निरीक्षकबाईंनी सगळ्यांसमोर यंत्र उघडलं. डिस्कच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा हिरवा ठिपका होता.

मंडळी, तो ठिपका माझा. दुरुस्त केलेल्या प्रत्येक भागावर मी तो देतो. कशासाठी? तोच भाग उद्या कुणी नवा म्हणून माझ्याच गळ्यात मारू नये म्हणून. म्हणजे आपण फसू नये याची चोख व्यवस्था! गिऱ्हाइकासाठी साधी चिठ्ठी लावायची, तर दुकानदार म्हणाला, ‘नका लावू हो, गिऱ्हाईक बिचकतं.’ मी नाही लावली.

आणि ती तक्रारदार? माझी सख्खी थोरली बहीण. ताई त्या दिवशी सुनावणीला नव्हती. तिला त्या दुकानात पाठवलं होतं तेही मीच. ‘ओळखीचा माणूस आहे, डोळे मिटून घे,’ म्हणालो होतो. बिचारीने माझ्या शब्दावर खरंच डोळे मिटून घेतलं हो.

उठलो आणि एवढंच म्हणालो, ‘संघ विरोध मागे घेतोय.’ संघवाले अंगावर धावून आले, ते इथे बसलेतच! बाहेर व्हरांड्यात मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दुकानदाराकडून मी भरपाई घेईन. तुम्ही चिठ्ठी लावली नाहीत, पण ती लावायचा नियमच आज नाही. म्हणून तर तो हवाय. राहता राहिली तुमची बहीण. तिला सांगायचं काम माझं नाही, तुमचं.’

त्यानंतर चार वर्षं, बाई जिथे भेटतील तिथे एकच विचारतात, ‘सांगितलंत का?’ मी म्हणतो, ‘सांगतो, सांगतो.’ आज हार घालताना पण विचारलंत बाई, आणि माझ्या हातून हार निसटला, तो का हे आता सगळ्यांना कळलं. उद्यापासून मला विचारणारं कुणी नाही. म्हणून आज ताईला आग्रह करकरून घेऊन आलोय.

ताई, तिसऱ्या रांगेत तू बसली आहेस. ती डिस्क माझी होती गं. आणि वर ‘दुसरी प्रत ठेवायची अक्कल नव्हती का’ म्हणून तुझ्यावर ओरडलो पण मीच. ते भाषांतर तू पहिल्या ओळीपासून पुन्हा केलंस, आणि मी पलीकडच्या खोलीत गप्प बसून राहिलो.

संचालकसाहेब, वेळ जास्त घेतला. बोलायची संधी दिलीत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाई, तुमचे तर किती मानू! बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकी जे झालं त्याची माफी इथे माइकवर मागून भागायचं नाही. ताई, जागची हलू नकोस, मी खाली येतोय.