डबी त्या वेळी दुसऱ्या गाडीत होती

जबाब देणार: गाडीमालक, गल्लीत आणि बाजारात 'अक्का' या नावाने ओळख. वय ६१ वर्षे. धंदा: काचेची मालवाहतूक. राहणार: काचेच्या गोदामामागची गल्ली, वरचा मजला.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा आणि सून असे तिघे राहतो. आमच्या एकाच बनावटीच्या दोन पिकअप गाड्या आहेत, एक निळी आणि एक पांढरी. निळी सून चालवते, पांढरीवर पगारी ड्रायव्हर आहे. माझा मुलगा गाडीच्या कंपनीच्या शोरूममध्ये सर्व्हिसला मेकॅनिक आहे. मंगळवारी दुपारी त्याच शोरूमच्या आवारात आमची निळी गाडी पुढे गेली आणि तिथे गाड्या धुणाऱ्या काकांना लागली. काकांच्या मांडीचं हाड मोडलं. शोरूमचं म्हणणं असं की गाडीत बाहेरचा प्रोग्रॅमर चढवलेला होता, त्यामुळे ती उसळली, आणि तशी गाडी आणून देणारी माझी सून या सगळ्याला जबाबदार आहे. तिच्यावर गुन्हा लागला तर लायसन्स जाईल आणि तिने उभा केलेला धंदा बसेल. हे म्हणणं साफ खोटं आहे. ते कसं, हे मी सांगते. हवालदारसाहेब मघापासून मुद्द्याचं बोला म्हणत आहेत. मी मुद्द्याचंच बोलते, फक्त तो सुरुवातीपासून बोलते.

प्रोग्रॅमर म्हणजे तळहातावर मावेल एवढी वस्तू. घरी आम्ही तिला डबी म्हणतो. स्टिअरिंगखाली जोडणी असते तिथे तिची वायर लावायची. मग ती इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली कंपनीची मूळ सेटिंग स्वतःच्या पोटात ठेवून घेते आणि ओझं ओढायची सेटिंग इंजिनाला देते. काच दिसायला नाजूक, पण वजनाला दगडाच्या वर. टेकडीवर नवी घरं होत आहेत, तिथल्या चढावर भरलेली गाडी मूळ सेटिंगवर अक्षरशः रडते. डबी लावली की निमूट चढते. आम्ही डबी वापरतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, शोरूमलाही आहे. लपवायला आम्ही काही चोरीचा माल वाहत नाही.

साहेबांनी विचारलं की लपवायचं नाही तर शोरूमला देण्याआधी काढता कशाला. प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देते. सर्व्हिसला गाडी गेली की शोरूमवाले कधी कधी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकतात. आपली सेटिंग आत असताना ते टाकलं की आपलं पुसलं जातं, आणि डबीला वाटतं ती अजून त्याच गाडीला बांधलेली आहे. डबी एका वेळी एकाच गाडीची असते. पहिल्या गाडीला तिचं मूळ परत केल्याशिवाय ती दुसऱ्या गाडीला हात लावत नाही. माझे यजमान होते तेव्हा एकदा घाईत त्यांनी तशीच गाडी दिली होती. डबी अडकून बसली, ती विकणाऱ्याच्या विनवण्या करून सोडवून घ्यावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे की गाडी शोरूमला जायची असेल तर आधी मूळ सेटिंग परत टाकायची, आणि ते काम एकट्याने करायचं नाही. काढणारा एक, बघणारा दुसरा. गॅस बंद केला का म्हणून आपण दोनदा बघतो, तसंच हे.

मंगळवारी सकाळी काढणारी सून होती आणि बघणारी मी. सुनेने चावी अर्धी फिरवली, डबी लावली, मूळ सेटिंग परत टाकली. ते चालू असताना चावीला हात लावायचा नसतो, म्हणून ती हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. मी खिडकीशी उभी राहून तिला ऐकवत होते की आरसा पुसत जा, गाडी बाईची आहे असं वाटायला नको का. ती म्हणाली, "आई, आधी डबीकडे बघा, मग माझ्या आरशाकडे." मी बघितलं. काम पूर्ण झालं असं डबीने दाखवलं. मला चाळिशी लागते, ती लावलेली होती.

त्यानंतर लगेच ती डबी आम्ही पांढऱ्या गाडीला लावली, कारण त्या दिवशी टेकडीवरचा माल पांढरीला न्यायचा होता. डबीने पांढरी गाडी घेतली. निळीचं मूळ परत केलेलं नसतं तर तिने ती घेतलीच नसती, अडून बसली असती. पांढरी माल घेऊन टेकडीवर गेली आणि सून निळी घेऊन शोरूमला गेली. डबी मी सोबत आणली आहे, टेबलावर ठेवली आहे. ती आजही पांढरीलाच बांधलेली आहे, म्हणजे पांढरीचं मूळ अजून तिच्या पोटात आहे. साहेबांनी कोणाही जाणकाराला बोलवावं, पांढरी गाडी ठाण्याच्या दाराशी उभी आहे. निळीतही कंपनीचंच मूळ सापडेल, तीही तपासावी.

दुपारी जेवणाच्या सुमारास मुलाचा मला फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. तो म्हणाला, "आई, गाडी थांबलीच नाही. मी पेडल दाबलं, ते सरळ खाली गेलं. काका पुढे होते." हे त्याचे शब्द आहेत, मी त्यात आपल्या पदरचं काही घातलेलं नाही. फोन आल्यावर मी स्कूटरवरून शोरूमला गेले.

तिथे मी पाहिलं ते असं. दुरुस्तीच्या जागेपासून गाड्या धुण्याच्या जागेपर्यंत फरशीला उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून. आमच्या गाडीचं तोंड धुण्याच्या जागेतल्या कठड्याला लागलं होतं. पाण्याचा पाइप तसाच चालू होता, कोणी बंद केला नव्हता, तो मी बंद केला. काकांना नुकतंच दवाखान्यात नेलं होतं, त्यांची एक चप्पल गाडीखाली होती. दुरुस्तीच्या जागी ट्रेमध्ये आमच्या गाडीचे झिजलेले ब्रेक पॅड पडले होते आणि नव्या पॅडचा रिकामा खोका शेजारी होता. म्हणजे पुढच्या चाकांचे पॅड नुकतेच बदलले होते.

पॅड बदलताना पॅडला दाबणारा आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो. मग पहिल्यांदा पेडल दाबलं की ते पोकळ जातं, ब्रेक लागत नाही. म्हणून पॅड बदलले की आधी जागेवर बसून पेडल मारत राहायचं, पायाला कडक लागलं की मगच गाडी हलवायची. हे मला मुलानेच सांगितलं आहे. लग्न झाल्यावर सुनेला गाडी त्यानेच शिकवली, तेव्हा आमच्या अंगणात पॅड बदलून तिला शेजारी बसवून त्याने हे घोटून घेतलं होतं. मंगळवारी तो स्वतः ते विसरला. इतरांच्या गाड्या रांगेत होत्या, घरच्या गाडीने जागा अडवली असं कोणी म्हणू नये म्हणून जेवायच्या सुट्टीत तो ती उरकत होता, असं त्याच्या सोबतच्या मेकॅनिकने मला सांगितलं. चूक झाली. हातून चूक होते. मेकॅनिक माणसाच्या हातून अशीच होते.

तेवढ्यात शोरूमचे मॅनेजर आले. त्यांनी मुलाला काय झालं हे विचारलं नाही. गाडी कोणाची, हे विचारलं. आणि म्हणाले, "यात प्रोग्रॅमर लावतात ना तुमच्याकडे?" माझा मुलगा खाली बघून म्हणाला, "हो, लावतात." लावतात. जणू त्याच्या घरात दुसरेच कोणी राहतात. मग मॅनेजरनी विचारलं की आजही लावलेला असेल ना, आणि त्याने होकारार्थी मान हलवली. मी तिथेच त्याला म्हटलं की सकाळी काढलेला मी डोळ्यांनी बघितला आहे, आणि डबी इंजिनाला ताकद देते, ब्रेकचं पेडल खाली पाडत नाही. तो म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस." मॅनेजरनी मला बाहेर खुर्ची दिली आणि चहा मागवला. चहा मी घेतला नाही. मला संताप आला होता, आणि तो मॅनेजरचा नव्हता.

माझा मुलगा भ्यालेला आहे. त्या शोरूममध्ये तो गाड्या पुसण्यापासून वर आला आहे, आणि काका त्याला तेव्हापासून ओळखतात, ऊन लागलं तर त्याला स्वतःची टोपी देत. नोकरी जाईल, लोक नाव ठेवतील, काका तोंड बघणार नाहीत, हे सगळं एकदम अंगावर आलं आणि समोर एक पळवाट दिसली. तो पळाला. ज्या बाजूला पळाला तिथे त्याची बायको उभी होती, हे त्याने बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. बघितलं.

 मंगळवारपासून सून दवाखान्यात काकांच्या पत्नीजवळ बसते, डबा नेते, औषधं आणते. काकांच्या मुलीने तिला तोंडावर सुनावलं की तुझ्या गाडीने माझ्या बापाचं वाटोळं केलं. ते तिने ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला एवढंच विचारलं, "आई, तुम्ही बघितलं होतंत ना?" मी हो म्हटलं. मग ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली. आमचं दोघींचं फार पटतं असं नाही. ती भाजी कच्ची ठेवते आणि माझं ऐकत नाही. पण डबीच्या कामात ती कधी चुकली नाही, आणि चुकली असती तर ते सांगायला सगळ्यात आधी मीच आले असते, हे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

साहेबांनी विचारलं की आई असून मुलाच्या विरुद्ध बोलता, कोणाचा दबाव आहे का. आमच्या घरात दबाव माझाच असतो. मी मुलाच्या विरुद्ध बोलत नाही. काकांचं हाड जुळेल असं डॉक्टर म्हणतात. हे खोटं एकदा कागदावर बसलं की त्याने मोडलेलं मात्र जुळणार नाही. नवरा-बायकोत ते खोटं जन्मभर राहील, आणि त्या आवारात पुढचा कोणी मेकॅनिक पेडल न मारता गाडी हलवेल, कारण दोष डबीचा होता असं सगळ्यांनी ऐकलेलं असेल. माझ्या मुलाने काकांपुढे आणि बायकोपुढे जाऊन पेडल मारायला विसरलो एवढं म्हणावं. पुढे कायदा जे करेल ते करेल, मी त्याच्यासाठी वकील बघून ठेवला आहे.

माझा मुलगा आत्ता बाहेर बाकावर बसला आहे, त्याचा जबाब माझ्यानंतर आहे. त्याआधी हा माझा जबाब त्याला ऐकवावा अशी माझी मागणी आहे. तो सांगेल तेव्हा मला समोर बसू द्यावं. ते नियमात बसत नसेल तर मी दाराबाहेर उभी राहते, पण त्याचं झाल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

माझं सांगणं हवालदारसाहेबांनी संगणकावर उतरवून मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी ते चष्मा लावून स्वतःही वाचलं. जागोजागी 'सदर इसम' असं लिहिलं होतं. ते सगळीकडे खोडून 'माझा मुलगा' असं करून घेतलं. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.