गॅपचं कारण

आमचं गाव सांगोल्याकडचं, नुसतं माळरान, पान्याच्या नावानं बोंब. आप्पा म्हंजी माजा बाप मेंढरं घिऊन आठ-आठ म्हैने भाईर, कवा भीमेकाठाला तर कवा आनखी कुटं, म्हनून वाडीतला पयला मोबाईल आमच्या घरात आला, आप्पाचा ठाव लागावा म्हनून. त्यो फोन आला नसता तर लई बरं झालं असतं. काय सांगू तुमाला, आता दिवसभर फोन आन् कंप्युटरच माज्या हातात, नवरा चिंचोळी एमआयडीसीत आन् मी सोलापुरात, पोरापोरींचे कॉलेजाचे फॉर्म भरायच्या दुकानात, पन अनोळखी नंबर वाजला की अजून दोन रिंगा नुसतं बगत बसते.

मंगल माजी मैत्रीण. तिचं नाव बदलून लिवा हं. पयलीपासनं एका बाकावर आमी. बारावी झाली, दोघींनी ठरवलं नर्सिंगला जायाचं. दाखल्यांपायी किती हेलपाटे घातले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तहसिलातला सायेब जागेवर नसला की झाडाखाली बसून भाकरी सोडायची. फोटो काढताना मंगलला हसू आवरंना, फोटोवाला म्हनला बाई कॉलेजाचा फोटो हाय, लग्नाचा न्हवं. अजून दुकानात एकादी पोरगी तशी हसली की मी दचकून वर बगते. तर मंगलच्या घरी फोन न्हवता, म्हनून तिच्या फॉर्मवर बी आमचाच नंबर टाकला. ती म्हनली टाक की, तुजा काय आन् माजा काय.

यादी लागली. माजं नाव कुटंच न्हाय, मंगल वेटिंगला. आन् एक दिस दुपारी मी शेळीला पाला टाकत हुते तवा फोन वाजला. कॉलेजातला मानूस, म्हनला मंगल हाय का, मी म्हनलं मैत्रीण बोलतीय, तर म्हनला तिचा नंबर लागलाय, उद्या पाचच्या आत ओरिजिनल कागदं घेऊन या म्हनावं, न्हायतर जागा दुसऱ्याला जाईल. निरोप देशील ना? मी म्हनलं, देते सर.

मंगलचं घर किती लांब, तर आमच्या दारातनं हाक मारली की तितं ऐकू जायाची. न्हाय मारली. खोटं कशाला बोलू, जळले मी. आन् भ्याले बी, ही गेली तर मी एकटी ह्या माळावर काय करू. मनाची समजूत घातली, पुढच्या वर्सी दोघी मिळून भरू, एका वर्सानं काय बिघडतंय. दुसऱ्या दिवशी ती आमच्याच ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. पाच वाजले. ती म्हनली, फोन बिन आला का गं? मी म्हनलं, न्हाय.

ते पुढचं वर्स आलंच न्हाय. दिवाळी झाली आन् तिच्या बापानं नातेपुत्याचं स्थळ धरलं. हळद लावताना मी मान खाली घातली ती वर केलीच न्हाय, तर बायका म्हनत्यात, मैत्रिणीचा केवढा जीव हाय बगा. मी बी मंग फॉर्म भरला न्हाय, भरू वाटलाच न्हाय.

गेल्या आठवड्यात मंगल दुकानात आली. चौदा वर्सं झाली तिच्या लग्नाला, मधी जत्रंत भेटायची तेवढंच. हातात पिशवी, त्यात तेच जुने दाखले, घडीवर फाटलेले. म्हनली पोरगी सातवीला गेली, मालक बी हो म्हनल्यात, नर्सिंगला पस्तिशीच्या आत चालतंय म्हनं, हीच शेवटची बारी, भर माजा फॉर्म. मी म्हनलं, अगं नातेपुत्यात दुकानं कमी हायत व्हय? तर म्हनली, हायत की, पन तुज्याच हातनं भरायचा म्हनून आले.

आता शिक्षणात खंड पडला की गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतंय, आन् त्यात कारन लिवाय लागतंय. मी रोज धा पोरींना इचारते, गॅप का पडला, आन् हिला मातुर न इचारताच पुढच्या रकान्यावर गेले. तीच म्हनली, लिव की, घरगुती अडचन, त्या वर्सी नंबर लागला न्हाय आन् मंग लग्न झालं. मी टाईप केलं. नंबर लागला नाही, असं माज्या ह्या बोटांनी टाईप केलं. खाली असतंय, वरील मजकूर खरा आहे. त्याच्याखाली मंगलनं सही केली, झोकात.

मंग मोबाईलचा रकाना आला. मी म्हनलं तुजा सांग बाई, आता हाय की तुज्याकडं. तर म्हनली, माज्यावर पोरं खेळत असत्यात, फोन आला तर काटून टाकतील, तुजाच टाक, मागच्या बारीला बी तुजाच हुता की. हिला कळलंय का काय, म्हनून मी तिच्या तोंडाकडं बगितलं. तिला काय बी ठावं न्हाय हो, ती आपली पिशवीला गाठ मारत हुती.

टाकला. यादी अजून लागायची हाय. म्हनून फोन हितं समोर ठिवलाय, राग मानू नका. गप पडलाय तरी त्यो मानूस कानात इचारतोयच, निरोप देशील ना? आवंदा वाजला की आदी तिला सांगीन, पळ म्हनीन. आन् तिची ॲडमिशन झाली, पावती तिच्या हातात पडली, की मंग मागचा निरोप बी देईन. त्यावर तिनं माजं तोंड बगितलं न्हाय तरी चालंल. तिचं नाव तेवढं लागू दे.