दुपारची पेंड

दादा : "या संशोधनाने माझं आयुष्य आमूलाग्र बदलून टाकलं." असंच म्हणायचं?

बहीण : हो. पण म्हणताना चेहरा जरा आयुष्य बदललेल्या माणसासारखा ठेव.

दादा : चेहरा हाच आहे. जन्मापासून.

बहीण : दादा, चेष्टा नको. समिती आत्ता येऊन टपकेल. इतकी वर्षं मी जनावरांच्या पोषणावर निबंध छापत बसले, कुणी काही विचारलं नाही. आता म्हणतात, निबंध पुरे, गोठ्यात काय परिणाम झाला तो दाखवा. नाही दाखवला तर प्रयोगशाळेला कुलूप आणि मी ग्रंथालयात.

दादा : मग गोठा कुणाचा दाखवतेयस?

बहीण : एका प्रगतिशील पशुपालकाचा.

दादा : कुठे राहतो तो?

बहीण : दादा!

दादा : म्हणजे मीच. सख्ख्या भावाशिवाय तुझं खाद्य कुणी घेतलंच नाही का गं?

बहीण : आणखी एकाने घेतलं होतं. त्याने ते कोंबड्यांना घातलं.

दादा : मग?

बहीण : मग काय. कोंबड्या ढेकर देत नाहीत.

दादा : बरं, त्या ढेकराचं पुन्हा एकदा सांग. विचारलं तर माझी गाडी तिथेच अडते.

बहीण : गाय रवंथ करते, ढेकर देते. त्या ढेकरातून वायू बाहेर पडतो. त्याने हवा तापते. माझं खाद्य खाल्लं की ढेकर कमी. झालं.

दादा : आणि त्यात मला काय मिळतं?

बहीण : थंड हवा.

दादा : या गोठ्यात?

बहीण : जगात.

दादा : बरं. म्हणजे मला सोडून.

वहिनी : ताई, चहा आत्ता टाकू की पाहुणे आल्यावर? आणि गाईच्या नाकाशी बांधलेलं ते तुमचं यंत्र सोडा हो आता. बिचारी कानकोंडी होते.

बहीण : सोडते. बिघडलंच आहे ते. आकडा भलताच दाखवतंय. वहिनी, खाद्य रोज देतेस ना?

वहिनी : हे काय विचारणं झालं? तुम्ही दिलेल्या मापाने देते. चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही.

बहीण : आणि त्यावर काही नाही ना?

वहिनी : त्यावर काही नाही. दुपारी तेवढी पेंड.

बहीण : दुपारी? पेंड तर सकाळीच देत होतीस.

वहिनी : सकाळची सकाळी देतेच. ही दुपारची. तुमचं खाद्य सुरू झालं तेव्हापासून.

बहीण : का पण?

वहिनी : का म्हणजे? गाय खातेय, खातेय, आणि ढेकर नाही! मुकं जनावर, ते काय तोंडाने सांगणार का, की पोट भरलं नाही म्हणून? माझा जीव तुटला. घातली टोपलीभर पेंड. संध्याकाळी असा खणखणीत ढेकर आला, की मला घास गोड लागला.

बहीण : वहिनी, तो ढेकर येऊ नये म्हणून मी अर्धं आयुष्य घालवलं.

वहिनी : असलं काहीतरी नका बोलू भरल्या घरात. आमच्याकडे हेसुद्धा ढेकर देईपर्यंत मी ताट उचलत नाही.

दादा : खरं आहे. कधी कधी मी खोटा देतो.

बहीण : दादा, तुला ठाऊक होतं हे पेंडीचं?

दादा : दूध वाढलं एवढं ठाऊक होतं. मला वाटलं, तुझंच खाद्य. चार माणसांत सांगूनसुद्धा आलो, आमच्या बहिणीचं संशोधन म्हणून.

बहीण : म्हणजे सगळं मुसळ केरात. मी समितीला खरं ते सांगणार.

वहिनी : सांगा की. मी काय चोरून घातली?

दादा : गाडी वाजली. कुठला चेहरा म्हणालीस?

(समिती येते, गोठा पाहते, चहा घेऊन जाते.)

वहिनी : माणसं चांगली होती. एकाने दोनदा चहा घेतला.

दादा : तुला बाजूला घेऊन अध्यक्ष काय म्हणाले?

बहीण : तू दूध वाढलं म्हणून सांगितलंस ना, त्यावर खूश होते. मी म्हटलं, साहेब, ते पेंडीमुळे, माझ्या खाद्यामुळे नाही.

दादा : मग?

बहीण : म्हणाले, विनय शास्त्रज्ञाला शोभतो.

वहिनी : मी त्यांना स्पष्ट सांगितलं हो, की ताईंचं खाद्य आलं म्हणूनच मी पेंड घालायला लागले.

बहीण : तेच लिहून नेलं त्यांनी. "खाद्यामुळे पशुपालक कुटुंबात पोषणाची जाणीव वाढली." परिणाम : उत्कृष्ट.

दादा : आणि प्रयोगशाळा?

बहीण : राहिली. वर आणखी दोन खोल्या देताहेत. पुढच्या वर्षी हे खाद्य सगळीकडच्या गोठ्यांत.

वहिनी : पेंडीसकट ना?

बहीण : पेंडीसकट.

दादा : मग चेहरा का पाडलास? माझं नाही तर नाही, तुझं तरी आयुष्य बदललं.

बहीण : ते यंत्र तपासलं मी, दादा. बिघडलेलं नाही.

दादा : मग काय म्हणतंय?

बहीण : खाद्य सुरू केलं त्याच्या आधीपेक्षा गाय आता जास्त ढेकर देते.