खाली चल म्हणणारा

सरका जवळ, आणि ऐका. मागं वळून बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या.

त्या डोंगराला आज राष्ट्रीय उद्यान म्हणतात. तेव्हा तिथं आमचा धनगरवाडा होता. सह्याद्रीची ती धार कशी आहे, हे आधी ध्यानात घ्या. आमच्या बाजूला उतार, हळूहळू देशाकडं जाणारा. पलीकडं कोकण, आणि तिकडं उतार नाहीच. सरळ कडा! मधे सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. धुकं आलं की त्या कातळावर कुठली बाजू कुठली, काही कळत नाही.

धाकलू येडग्याचा भाऊ भागू हरवलेली म्हैस शोधायला सड्यावर गेला. दिवस बुडाला तरी आला नाही. धाकलूनं कुऱ्हाड उचलली. बायको म्हणाली, "अवं, उजाडू द्या की!"

"उजाडल्यावर काय, त्याला गोळा करून आणू?" म्हणाला आणि निघाला.

सड्यावर धुकं. म्हशीची घंटा वाजत होती. उजवीकडं. मग डावीकडं. मग ऐका, अगदी कानाशी! धाकलूनं हात पुढं केला, तो ऊन ऊन आतड्यात गेला. म्हैस पडली होती. पोट फाडलेलं, मान पिळून पाठीवर आणलेली. आणि घंटा? घंटा पुढं चालली होती, वाजत.

"दादा," धुक्यातून भागू बोलला, "चल खाली. घर आलंच."

पाठमोरा भागू! धाकलूच्या जिवात जीव आला. मागोमाग निघाला, आणि थबकला. अहो, आमच्यात घर कधी खाली नसतं! पाय उतरत असले तरी आम्ही 'वर चल' म्हणतो, कारण घर घाटावर. खाली म्हणजे कोकण. खाली म्हणजे कडा!

"कोण रं तू?"

ते वळलं. तोंडाच्या जागी नुसता कातळ. असं हाणलं त्यानं, धाकलूचे दात घशात गेले. तेवढ्यात कड्याकडून क्षीण हाक आली, "दादा, मला वर न्हे!"

हा खरा! धाकलू सरपटत काठाशी गेला. भागू झुडपाला लोंबकळत होता. धाकलूनं मनगट धरलं. पाठीवर दगड बसायला लागले, कातडं फाटलं, हात सुटला नाही. एकाएकी दगड थांबले. का थांबले? ते कड्यावरून खाली उतरलं होतं. त्यानं भागूचा पाय धरला.

हा वर ओढतोय, ते खाली ओढतंय. भागूचा गुडघा काठावर आला आणि अडकला. हाड मोडलं, कडकन!

"तोड, दादा! पाय तोड!"

धाकलूनं कुऱ्हाड घातली. पुन्हा घातली. पाय सुटला, आणि खालून हसू आलं.

भावाला पाठीवर टाकून धाकलू पळाला. रक्तानं भरलेल्या तोंडानं ओरडत होता, "वर चल, भागू, वर चल! डोळं मिटू नगंस!"

भागू जगला. एका पायानं, पण जगला.

पण त्या रात्री ते ऐकत होतं, हो. पुढल्याच साली एक गुराखी कड्याखाली सापडला. त्याच्या सोबत्यानं धुक्यातली हाक ऐकली होती, "दादा, वर चल."

म्हणून सांगतो, त्या सड्याच्या वाटेला जाऊ नका. हाकेवरून ओळखू म्हणाल, तर आता ते अगदी आमच्यासारखं बोलतं.