जवळपासचे देश

नाही पण मला एक सांगा, नवरा-बायकोनं भेटायचं कुठे हे ठरवायला कुणी नकाशा उघडतं का? घरात भेटतात हो माणसं! स्वयंपाकघरात भेटतात, बाथरूमच्या दाराशी भेटतात, 'माझा टॉवेल कुठाय' म्हणून वसावसा भांडतात, झालं! पण आमच्या विलासचं सगळं निराळंच. विलास म्हणजे माझा धाकटा भाऊ, दिल्लीत मयूर विहारात ह्याच सोसायटीत राहतो, आम्ही ए ब्लॉकमध्ये, तो सी ब्लॉकमध्ये. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे, स्वभावानं इतका गरीब की लिफ्टमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार! आणि त्याची बायको उल्का, गणिताची टीचर, हुशार, चटपटीत... मूलबाळ नाही, त्याचं दोघांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. तर ही उल्का गेली परदेशात शिकवायला. कुठे? अल्माटीला! मी म्हटलं, अरे, हे अल्माटी आहे तरी कुठे? तर फोनवर नकाशा काढला, दोन बोटांनी असा चिमटीत धरून लहान केला आणि म्हणतो, "हे बघ ताई, ही आपली दिल्ली, हे कझाकस्तान, हे अल्माटी. काही नाही गं, जवळच तर आहे!"

चिमटीत धरलं की सगळंच जवळ दिसतं हो!

बरं, ठरलं होतं काय, दोन वर्षं ती तिकडे शिकवणार, आणि तिच्या शाळेला सुट्टी लागली की दोघांनी तिथल्या जवळपासच्या एखाद्या देशात भेटायचं. रविवारी दुपारी हा जेवून सोफ्यावर आडवा व्हायचा, फोन छातीवर, आणि तासन् तास चालायचं ह्यांचं, उझबेकिस्तान घ्यायचा की किर्गिझस्तान, जॉर्जिया बरा की अझरबैजान... अहो, लग्नाच्या साड्या निवडाव्यात तसे देश निवडायचे! "हा नको, तिथे थंडी फार. तो नको, त्याचा व्हिसा किचकट. हा बघ, हा छान आहे, डोंगर पण आहेत आणि खाण्याचे हाल पण नाहीत." मी समोर बसून भेंडी चिरतेय, माझ्या डोक्यात भेंडी, ह्यांच्या डोक्यात समरकंद!

आणि समरकंदच ठरलं. पण सरकारी माणसाला परदेशात जायचं तर आधी ऑफिसची परवानगी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. हा गेला साहेबांकडे. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "विलास जी, संसद का सेशन सिर पर है और आप... उझबेकिस्तान? थोड़ा तो सोचिए, यार!" दुसरा कुणी असता तर चार शब्द बोलला असता, निदान तोंड तरी पाडलं असतं. हा म्हणाला, "बिल्कुल सर." बिल्कुल सर! बायको तिकडे बॅग भरून बसलीय आणि हा बिल्कुल सर!

मग उल्का एकटीच गेली. एकटी म्हणजे तशी एकटी नाही, कारण हा इथनं तिच्या कानात होता ना! मी स्वतः बघितलंय, तुम्हाला सांगते, मदर डेअरीच्या बूथपाशी दुधाच्या रांगेत उभा राहून हा माणूस बायकोला समरकंदात उजवीकडे वळवत होता! "उजवीकडे वळ... वळलीस? आता निळा घुमट दिसेल. दिसला? कसा आहे? नाही, नीट सांग ना, निळा म्हणजे कसा निळा?" मागचा सरदारजी ओरडतोय, "भाई साहब, आगे चलो!" आणि हा डोळे मिटून निळा रंग ऐकतोय! तिला तिथे मांसाशिवाय काही मिळेना, तर ह्यानं इथे बसून शोधून काढलं की स्टेशनाबाहेर लाल भोपळ्याचे समोसे मिळतात. तिनं ते खाल्ले, आणि हा आनंदानं माझ्या घरी सांगायला आला, "ताई, गरम होते!" तोंडात ह्याच्या माझ्या हातची कालची थालीपिठं, आणि गरम कोण? तर तिकडचे समोसे!

म्हटलं, अरे, पुढच्या सुट्टीत तरी जा. पुढच्या सुट्टीत जॉर्जिया ठरला, तेव्हा ऑफिसात ऑडिट निघालं, तिथेही ती एकटीच गेली. मग आला उन्हाळा, तिला चांगली लांब सुट्टी, ती आपणहून म्हणाली, "मी दिल्लीलाच येते रे." ऐका हं, आता ऐका, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. हा म्हणाला, "अगं, जूनमध्ये इथे येऊन काय करशील? उकडून निघशील, लाइट जाते, पाणी येत नाही. त्यापेक्षा बाकू बघून घे ना. जवळच तर आहे!"

आता काय बोलणार? मायेनंच म्हणाला हो! तिला ऊन लागू नये म्हणून म्हणाला. पण पलीकडे ती क्षणभर गप्प झाली, ते मला इथे बसून कळलं आणि फोन कानाला लावलेल्या ह्या शहाण्याला कळलं नाही. ती "बरं" म्हणाली. आणि गेली बाकूला.

खाली बागेत फिरायला गेलं की त्या मिसेस चड्ढा आहेतच टपलेल्या, "अलका जी, आपकी भाभी तो बस घूमती ही रहती है! अच्छा... सब ठीक तो है ना?" त्या 'ठीक'वर असा काही जोर, की वाटायचं हातातली पाण्याची बाटली उपडी करावी त्यांच्या डोक्यावर. मी म्हणायची, "बिल्कुल ठीक है जी, रोज़ बात होती है." आणि खोटं नव्हतं ते! रोज बोलायचे, मेट्रोत बोलायचे, मंडी हाउसला गाडी बदलताना बोलायचे. दोनाची तीन वर्षं झाली, तिनं शाळेशी करार वाढवला, तेव्हाही हा म्हणतो, "ताई, एक वर्षच, आणि जवळच तर..." म्हटलं, पुरे! पुढचं बोललास तर लाटणं घालीन!

शेवटी एकदाची मिळाली परवानगी. साहेब बदलले, नव्या बाईंनी एका दिवसात सही केली, "जाइए जाइए, वाइफ से मिलने के लिए भी पूछना पड़ता है क्या?" असं म्हणाल्या. आणि तुम्हाला सांगते, विलासचा चेहरा... लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचा ना तसा! किर्गिझस्तान ठरवला, तिथे एक मोठं थोरलं सरोवर आहे, इसिक-कुल, चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर. ह्यानं अख्ख्या प्रवासाचा तक्ता केला, कुठली बस, कुठे नाश्ता, किती वाजता कुठला डोंगर बघायचा! मी मेतकूट दिलं, भाजणी दिली, डिंकाचे लाडू दिले, जाताना वाकून नमस्कार केलान. म्हटलं, जा बाबा, सुखानं भेटा.

परत आला तेव्हा लाडवांचा डबा तसाच. उघडलासुद्धा नव्हता.

मी काही विचारलं नाही. मटार सोलत बसले होते, हा समोर बसला आणि सोलायला लागला. अर्धा ढीग संपल्यावर आपणहून बोलला. म्हणाला, सरोवराच्या काठावर ती बसून राहिली होती. हा म्हणाला, चल, बस सुटेल. ती म्हणाली, बसू दे ना थोडा वेळ. हा बसला शेजारी, पण लक्ष सगळं फोनमध्ये, पुढची बस कधीची ते बघत. आणि मग ती म्हणाली, "विलास, फोनवर असतोस ना, तेव्हा सारखा विचारतोस मला, काय दिसतंय, कसं दिसतंय. इथे आल्यापासून एकदाही विचारलं नाहीस."

मी म्हटलं, "मग? तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, इथे मलाही दिसतंय ना."

ऐकलंत? अरे देवा! हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मलाही दिसतंय! अहो, बरोबरच आहे त्याचं एका परीनं, डोळे होते, समोर पाणी होतं, दिसत होतंच की! पण बायको काय पाण्याची चौकशी करत होती का?

आणि मग तिनं सांगितलं. भांडून नाही, रडून नाही, ह्याचा हात हातात घेऊन सांगितलं. म्हणाली, "मी परत येत नाहीये रे. दुसरं कुणी नाही माझ्या आयुष्यात, खरंच नाही. तुझ्यावर रागही नाही. पण पहिल्या सुट्टीत एकटी फिरताना मला रडू यायचं, दुसऱ्या सुट्टीत आलं नाही, आणि आता एकटीच बरी वाटते मला मी." असं म्हणाली. आणि हा? हा म्हणाला, "बरं." बर्फाच्या डोंगरांसमोर बसून बिल्कुल सर!

मटार सोलून झाले होते, तरी रिकाम्या शेंगा चाचपत होता.

मग वकील. वकील मॅडम पंजाबी, धिप्पाड, तोंडानं फटकळ. फोनवर उल्का, समोर विलास, आणि सोबतीला मी. मॅडमनी पेन सरसावलं. "मारपीट?" हा म्हणतो, "जी नहीं." "दहेज का कुछ?" "नहीं जी." "शराब? किसी और का चक्कर?" "जी नहीं, नहीं." "तो फिर प्रॉब्लम क्या है?" ह्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "जी... प्रॉब्लम तो कुछ नहीं है." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे भगवान! एक-दूसरे को गाली देने वालों का केस मैं दो मिनट में लिख दूँ, आप जैसे शरीफ लोगों का क्या लिखूँ?" शेवटी परस्पर संमतीनं असं लिहिलं. एक वर्षाहून जास्त वेगळे राहता का, तर राहतो. अगदी नियमात बसलं हो सगळं!

पण कोर्टात जबाबाला दोघांनी हजर राहायला हवं. म्हणजे उल्कानं यायला हवं दिल्लीला. मार्च महिन्यात तिच्या शाळेला सुट्टी होती, आणि तुम्हाला सांगते, इतक्या सुट्ट्यांत पहिल्यांदा तिनं कुठला देश निवडला? तर हा! आणि विमानतळावर आणायला कोण गेलं? हाच! कारण काय, तर "तिला टॅक्सीवाले फसवतील." अरे, एकटीनं चार देश फिरलेली बाई!

राहिलीही घरीच, ती बेडरूममध्ये, हा हॉलमध्ये सोफ्यावर. पहिल्या रात्री जेवायला मी बोलावलं. आता मला सांगा, घटस्फोटाला आलेल्या भावजयीला जेवायला काय करायचं असतं? गोड करावं तर कशाचं, आणि न करावं तर इतक्या वर्षांनी घरी आलेली! शेवटी साधं वरण-भात, बटाट्याची भाजी आणि आमटी केली. ती आली, पाया पडली आणि म्हणाली, "ताई, काय हो, सकाळी निघाले आणि दुपारी पोचले. जवळच तर आहे." हा नुसता भात कालवत राहिला. आमचे हे तेवढे भुरके मारत होते.

कोर्टाचं काम अर्ध्या दिवसात आटोपलं. परतीच्या विमानाला अवकाश होता. तेव्हा उल्का म्हणाली, "विलास, लग्न होऊन दिल्लीत आले, पण घर ते शाळा आणि शाळा ते घर. मी दिल्ली बघितलीच नाही रे." झालं! ह्यानं रजा टाकली. ह्या खेपेला तक्ता नाही, काही नाही, फोन घरीच चार्जिंगला लावून निघायचे दोघं. बस दिसेल त्या बसमध्ये चढायचे. एक दिवस उत्तरेला रिजच्या टेकडीवर गेले, तिथे हिंदूराव हॉस्पिटलची पाटी बघून ती म्हणाली, "हा हिंदूराव कोण रे? आपल्याकडचा वाटतो." आणि ह्याला सांगता येईना! समरकंदातला गल्लीबोळ पाठ असलेला माणूस, ह्याला आपल्या गावातला हिंदूराव माहीत नाही! तर इतके हसले म्हणे दोघं, की हॉस्पिटलचा गार्ड बाहेर आला. रस्त्याकडेला लाल फुलांनी लगडलेलं झाड होतं, हा म्हणाला सेमल, ती म्हणाली, "सेमल काय, काटेसावर म्हण!" त्यावर बस येईपर्यंत वाद. रस्ता चुकले, छोले-कुलचे खाल्ले, हिचं उन्हानं नाक लाल, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये मला भेटले तेव्हा ह्याच्या शर्टावर छोल्यांचा डाग आणि ही रुमालानं पुसतेय. मिसेस चड्ढा माझ्या कानाशी, "देखा? मैं न कहती थी, सब ठीक हो जाएगा!" आणि खरं सांगते, मीसुद्धा त्या रात्री देवापुढे दिवा लावताना जरा जास्तच वेळ उभी राहिले. वाटलं, हा राहा म्हणेल. आता तरी म्हणेल. एक शब्द तर आहे!

आज दुपारी तिला विमानात बसवून हा थेट माझ्याकडे आला. चपला काढल्या, हात धुतले, ताटावर बसला. म्हणाला, "ताई, तिला दिल्ली फार आवडली."

मी ओरडलेच! म्हटलं, "मग राहा म्हणायचं होतंस ना, मेल्या!"

तर माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणतो, "ताई, फिरायला आलेल्या माणसाला कुणी राहा म्हणतं का गं? त्याला कसं वाटलं एवढंच विचारायचं असतं. विचारलं मी. छान वाटलं म्हणाली."

आता अशा माणसाला शिव्या घालायच्या की जेवायला घालायचं, सांगा तुम्हीच!... जेवायला घातलं. दुसरं काय करणार!