टायरवरचा भारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर मला पुढचं सांगता येणार नाही.

फुटबॉल संघाच्या निवडीचा आदला दिवस होता. सुरुवातीच्या पावलांत जोर यावा म्हणून सरांनी कमरेला टायर बांधून दोन हलक्या फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. गल्लीत सगळे बघतात, म्हणून मी उसाच्या कडेच्या रस्त्याला गेले. तिथं शेजारच्या पारूकाकू वैरणीचा भारा घेऊन आल्या.

"रिकामाच टायर वढतीस व्हय गं?" असं म्हणून त्यांनी भारा टायरवर टाकला. "घराकडंच चाललीस नव्हं?"

मला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. भारा गोठ्यापर्यंत ओढला. पारावरून एक तात्या ओरडले, "आरं, बैल इका आता!" मी मान वर केली नाही.

सकाळी निवडीच्या वेळी पाय इतके आखडले की नीट धावताच येईना. "काल केलंस काय?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मला वैरणीचं नाव काढायचीही लाज वाटली. सरांनी दुसरी मुलगी घेतली.

संध्याकाळी काकूंनी कुंपणावरून विचारलं, "झाली का गं निवड?"

"नाही."

"न्हाय व्हय? मग उद्या जरा लवकर ये. दोन भारे हायत."